बत्तीस कलमं आणि एक टिटवी

एक जंगल होतं. तिथं सगळं बरं चाललं होतं, म्हणून त्याचा विकास करायचं ठरलं.

खाडीच्या वरच्या अंगाला हे जंगल. माथ्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा, खाली दाट रान आणि रानात तीन बारमाही झरे. राजा म्हणजे आबासाहेब अस्वल. लोकांनी निवडून दिलेले, बरं का, गादीवर आयते बसलेले नव्हेत. त्यांचे वडील, आजोबा आणि पणजोबाही असेच निवडून आले होते. आबासाहेबांना मध फार आवडे आणि वाचायचा मनस्वी कंटाळा, म्हणून वाचायचं काम सचिव घोरपडबाईंकडे असे. घोरपडबाई आबासाहेबांच्या आजोबांच्या वेळेपासून त्याच खुर्चीला चिकटलेल्या होत्या. त्यांना सोडवायचा प्रयत्न कोणी करत नसे, कारण त्यांच्याबरोबर खुर्चीही आली असती.

या रानात सावध होण्याची एक जुनी रीत होती. तिला यंत्रणा म्हणतात हे कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे ती व्यवस्थित चालायची. सड्यावर द्वारकाबाई टिटवी राहायची. टिटवीला काही झाडावर बसता येत नाही, ती उघड्या दगडावरच अंडी घालते, आणि जिचा संसार उघड्यावर तिला चारी दिशांना डोळे ठेवावेच लागतात. बिबट्या निघाला, शिकारी चढला, गवतातून धूर सुटला, की पहिल्यांदा द्वारकाबाईला दिसायचं. ती ओरडायची, "टिटीव टिव! टिटीव टिव!" तिचं ऐकून खाली भेकर भुंकायचं, भेकराचं ऐकून वानरं खाकरायची, आणि बघता बघता सगळं रान कान टवकारून उभं राहायचं. हे सगळं फुकट. द्वारकाबाईनं या कामाबद्दल कधी कोणाकडे एक किडासुद्धा मागितला नाही. उलट "मेली सारखी कोकलते, अपशकुनी कुठली" हे तिलाच ऐकून घ्यावं लागे.

तर एका हिवाळ्यात साता समुद्रांपलीकडून एक कुरव आला. कुरव म्हणजे समुद्रपक्षी, बंदरावर मासळीची घाण टाकतात तिथं घिरट्या घालणारा. पण हा पलीकडचा होता आणि पांढराशुभ्र होता, म्हणून दरबारात त्याला बसायला पाट मिळाला. त्यानं चोचीतून एक शंख आणला होता.

"कानाला लावून बघा," कुरव म्हणाला.

आबासाहेबांनी लावला. आतून घूंऽऽ असा आवाज येत होता.

"हे काय आहे?"

"तंत्रज्ञान," कुरव म्हणाला.

मग सगळ्या दरबारानं आळीपाळीनं शंख कानाला लावून माना डोलावल्या. तसला आवाज खाडीवर गेलं की कोणालाही ऐकू यायचा, पण तिथं तो नुसता आवाज होता. कुरवानं समजावलं की त्याची हाका पोचवणारी एक कंपनी आहे, जगभरच्या जनावरांना ती या शंखांमधून धोक्याची हाक देते, आणि आता तिला या जंगलात एक शाखा काढायची आहे.

आता तुम्ही हसाल, हसा बापडे. पण जंगलातल्या जनावरांना शाखा म्हणजे फांदी. दुसरा अर्थ त्यांना कोणी शिकवला होता? फांदी आली की मोहोर येणार आणि मोहोर आला की फळ धरणार, इतका साधा हिशेब. त्यात घोरपडबाईंनी जाहीर केलं की कंपनीबरोबर बत्तीस कलमांचा करार होतोय, आणि आबासाहेबांच्या तोंडाला पाणीच सुटलं. त्या मुलखात कलम म्हणजे आंबा! त्यांनी त्याच दिवशी सभा लावली.

"माझ्या रानबांधवांनो! आणि माझ्या रानभगिनींनो!" आबासाहेब गरजले. "आजवरच्या राजांनी तुम्हाला काय दिलं? रायवळ दिला! आंबट दिला! दातात अडकणारा दिला! मी तुम्हाला कलमं देणार! एक देणार का? नाही! दोन देणार का? नाही! बत्तीस देणार, बत्तीस!"

आजवरचे राजे म्हणजे त्यांचे स्वतःचे वडील-आजोबा, पण सभेत असं कोण मोजतं? वानरांनी शेपट्या आपटून घोषणा दिल्या, "शाखा आली दारी, फळं घरोघरी!" रानडुकरं इतकी पेटली की एका सकाळीत त्यांनी नाकानं बत्तीस खड्डे खणून ठेवले.

कलमं आली ती कागदावर. आबासाहेब खड्ड्यांच्या कडेनं दोन फेऱ्या मारून आले आणि घोरपडबाईंना म्हणाले, "बाई, लावायची कधी?"

"साहेब, ही कलमं लावायची नसतात. पाळायची असतात."

"कोणी?"

"आपण."

आबासाहेबांनी थोडा वेळ विचार केला, म्हणजे डोळे मिटले. मग त्यांनी करारावर पंजा उठवला. खणलेल्या खड्ड्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला, तर पायाभूत सुविधा म्हणून त्यांचं उद्घाटन करण्यात आलं.

त्या उद्घाटनाला द्वारकाबाई सड्यावरून खाली आली होती. लांब पायांवर मान पुढे-मागे करत ती थेट कुरवासमोर जाऊन उभी राहिली. "काय हो पाहुणे, शाखा इथं म्हणताय, मग हिचं मूळ कुठाय?"

"मूळ कंपनी समुद्रापलीकडे आहे, बाई."

"बरं. मग पाणी कोण पिणार?"

"शाखा. करारात आहे, तीनही झरे शाखेसाठी राखीव. पहिले सात पावसाळे कर माफ."

"आणि फळ?"

"फळ मुळाशी पडेल," कुरव म्हणाला. खोटं बोलला असं त्याला कोणी म्हणू शकणार नाही.

"अहो आबासाहेब, ऐकताय ना?" द्वारकाबाई ओरडली. "फांदी पाणी पिणार आणि फळ मुळाशी पडणार! असलं झाड तुमच्या बापजाद्यांनी तरी पाहिलं होतं का?"

"हेच तर नवं तंत्रज्ञान," आबासाहेब म्हणाले. वानरांनी शेपट्या आपटल्या.

तर शाखा सुरू झाली. सगळ्यात मोठ्या वडावर तिचं बिऱ्हाड, आणि वडाखालच्या झऱ्यांना काट्यांचं कुंपण. प्रमुख म्हणून इथलाच एक भृंगराज नेमला. शेपटीला दोन लांब तारा, काळा कुळकुळीत झगा, आणि कोणाचाही आवाज हुबेहूब काढणारा. त्याचा स्वतःचा आवाज कसा होता हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. कुरवाबरोबर आठ दिवस राहिला आणि नवव्या दिवशी कुरवासारखं नाकातून बोलायला लागला. आमच्याकडे याला पात्रता म्हणतात.

पहिली काही वर्षं शाखेत काम काय होतं, तर पलीकडच्यांसाठी ओरडायचं. पलीकडच्या कुठल्याशा नदीत मगर निघाली की तिथल्या पाणघोड्यांना शंखातून हाक द्यायची ती आमच्या बुलबुलांनी आणि साळुंक्यांनी. बुलबुलानं जन्मात मगर पाहिली नव्हती की पाणघोडा. पण महिन्याला चोचभर सुकट मिळायची, शिवाय बढती म्हणून गळ्यात शिंपल्याचा तुकडा. पोरीबाळी सांगून यायला लागल्या. "आमचा जावई शाखेत असतो" असं म्हणताना सासूची मान दोन बोटं वर जायची. इथं बिबट्या आला तर त्यांच्या कानावर पडत नसे, कारण कानाला शंख असायचा आणि शंखात पाणघोडे असायचे.

मग आबासाहेबांनी दुसरी सभा घेतली. "बांधवांनो, कालपर्यंत आपण पलीकडच्यांसाठी नुसते ओरडत होतो! आजपासून आपण त्यांच्यासाठी विचार करणार! आपल्या शाखेत संशोधन केंद्र उघडलं आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वतःसाठी विचार करायचा राहून गेला, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर टाळ्या थांबल्या असत्या.

संशोधन म्हणजे भृंगराज सड्यावर आला आणि द्वारकाबाईच्या पायाशी बसला.

"मावशी, तुमची हाक शिकायचीय," तो म्हणाला. "जगात असली हाक नाही म्हणतात."

खरं सांगतो, मला इथं द्वारकाबाईचा रागही येतो आणि कीवही येते. एवढी धारदार बाई, पण आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला विचारलं होतं. अपशकुनी म्हणून सगळ्यांनी हिणवलेली ती हाक कोणीतरी शिकायला आलं होतं. ती हरखली. "बस रे बाबा, ऊन लागेल, त्या दगडाच्या सावलीला बस," म्हणाली आणि आठ दिवस शिकवत राहिली. बिबट्याची हाक लांब ओढायची. माणसाची दोनदा तोडायची. धुराची आखूड, वर चढणारी, श्वास न घेता. तिच्या आईनं शिकवलेलं, आजीनं शिकवलेलं, सगळं काही. भृंगराजानं एकेक हाक घशात भरून घेतली. जाताना तिला 'ज्ञानभागीदार' अशी पदवी आणि एक शिंपला देऊन गेला. तिनं तो अंड्यांशेजारी ठेवला.

त्याच पद्धतीनं भेकराचं भुंकणं घेतलं, वानरांचं खाकरणं घेतलं, मोराची केकावलीही घेतली. सगळे आवाज पलीकडे गेले, मूळ कंपनीत धुऊन-पुसून परत आले आणि शंखातून वाजू लागले. आता रानातल्या प्रत्येक झाडाला शंख टांगलेला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं तर दळणाऱ्याला ते पीठ परत विकतही घ्यावं लागलं. शंख ऐकायचा तर दर पौर्णिमेला प्रत्येक घरामागे एक पोळं द्यायचं, त्यातला अर्धा मध आबासाहेबांकडे सदिच्छा म्हणून जायचा.

आणि मग एका सकाळी भृंगराज पुन्हा सड्यावर आला. या वेळी तो सावलीला बसला नाही.

"मावशी, तुम्ही काल सकाळी ओरडलात."

"मुंगूस आलं होतं अंड्यांवर. ओरडू नको तर काय आरती करू?"

"कलम अकरा. शाखेत जे जे जन्मेल ते मूळ कंपनीच्या मालकीचं. 'टिटीव टिव' ही हाक शाखेत जन्मली."

"अरे मेल्या, ती माझ्या आईची हाक!"

"आईचं काही लेखी आहे?"

द्वारकाबाई तडक दरबारात गेली. आबासाहेब मधात पंजा घालून बसले होते. "बाई, तुमची हाक आज साता समुद्रांपलीकडे वाजते," ते म्हणाले. "अभिमान वाटायला हवा तुम्हाला."

"अभिमानानं मुंगूस पळतं का हो, आबासाहेब? मला चार अंडी आहेत."

"मग शंखातून रीतसर कळवा ना. सगळं शंखातून सोपं झालंय आता."

घोरपडबाईंनी तिला समज दिली की पुढच्या वेळी तोंडानं ओरडली तर दंड म्हणून सड्यावरून बाहेर काढतील. सडा गेला तर अंडी कुठं घालणार? द्वारकाबाई परत आली आणि अंड्यांवर चोच मिटून बसली. महिने गेले. भेकर भुंकायचं विसरलं, वानरांनी झाडाच्या शेंड्यावर राखण बसवायचं सोडून दिलं. शंख आहे ना, बघेल तो.

चैत्रात द्वारकाबाईनं सड्यावर पुन्हा चार अंडी घातली. आणि एके दिवशी भर दुपारी खाडीच्या बाजूच्या सुक्या गवतातून धूर निघाला.

द्वारकाबाईनं पाहिला. वाऱ्याचा रोख सरळ रानाकडे होता. ती धावत जवळच्या शंखाकडे गेली आणि म्हणाली, "वणवा! खाडीच्या अंगानं वणवा!"

शंखातून गोड आवाज आला, "आपली हाक आमच्यासाठी मोलाची आहे. कृपया थांबा." आणि समुद्राच्या लाटा वाजू लागल्या.

ती उडत वडाखाली गेली. वर फांदीवर भृंगराज पंख साफ करत होता. "धुराची हाक सोडायला पलीकडची मंजुरी लागते, मावशी. तिकडे आता सगळे झोपलेत."

"अरे, तुला येते ना माझी हाक! आठ दिवस बसून शिकलास! काढ ना तोंडातून!"

"मला येते," भृंगराज म्हणाला. "पण माझी नाही ती."

मग द्वारकाबाई सड्यावर परतली आणि अंड्यांसमोर उभी राहून ओरडली. आखूड, वर चढणारी, श्वास न घेता. सडा गेला तर गेला, म्हणाली असेल मनात. सगळ्या रानाला ते ऐकू गेलं. भेकरानं मान वर केली, सशांनी कान उभे केले. मग सगळ्यांनी झाडावरच्या शंखाकडे पाहिलं. शंख गप्प होता. तितक्यात दरबारातून दवंडी आली, "सड्यावरून अनधिकृत हाक देण्यात येत आहे. जनतेनं अफवांवर विश्वास ठेवू नये. घाबरून जाऊ नये. जागेवरून हलू नये."

ते हलले नाहीत. साळिंदराचं अख्खं बिऱ्हाड बिळातच जळून गेलं. ससे किती गेले त्याची मोजदाद नाही. सड्यावरचं गवत पेटलं तेव्हा द्वारकाबाई अंड्यांवर पंख पसरून बसून राहिली. पिसं करपली, पायांची कातडी सुटली, तेव्हा कुठं उठली. चारही अंडी गेली. ती बराच वेळ त्या काळ्या दगडाभोवती चालत राहिली. त्यानंतर चार तासांनी रानातले उरलेसुरले शंख एकदम वाजले, "टिटीव टिव!" आवाज अगदी हुबेहूब होता.

चौकशी समिती बसली. शंखाची हाक अत्यंत अचूक होती, फक्त उशिरा आली, असा तिचा निष्कर्ष निघाला. टिटवीच्या अनधिकृत ओरडण्यानं जनतेत संभ्रम निर्माण झाला, असं दुसरं एक वाक्य होतं. तोवर तीनही झरे उपसून आटले होते आणि खाडीपलीकडच्या जंगलानं पाच झरे देऊ केले होते. शाखेनं एका दुपारी बस्तान हलवलं. मूळ नव्हतंच, त्यामुळे खणायची तोशीस पडली नाही. कुरव गेला, भृंगराज गेला, सुकट बंद झाली. बुलबुल गळ्यात शिंपले घालून वडाच्या बुंध्याशी बसले. मगर आली तर ओरडायला ते अजूनही तयार होते.

आणि निवडणूक आली.

जळक्या रानात पहिल्यांदाच सगळे मनातून चिडले होते. टिटवीही समुद्र आटवते म्हणतात. रानडुकरं सड्यावर गेली आणि द्वारकाबाईला म्हणाली, "मावशी, तू उभी राहा. पोरं गेली आमची. तुझं ऐकलं असतं तर वाचली असती." दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई भाजलेल्या पायांनी लंगडत अर्ज भरायला आली.

त्या रानात अर्ज कागदावर नसतो. उमेदवारानं टेकाडावर उभं राहून सगळ्यांसमोर आपला स्वतःचा आवाज तीनदा द्यायचा, की झाली उमेदवारी. पूर्वजांची साधी, चांगली रीत. सगळं रान गोळा झालं होतं. वानरं आली, डुकरं आली, उरलेले ससे आले. आबासाहेबांनी गर्दी पाहिली आणि त्यांना घाम फुटला.

द्वारकाबाईनं चोच उघडली. "टिटीव—"

"हरकत!" घोरपडबाई म्हणाल्या.

"कसली हरकत?"

"हा आवाज उमेदवाराच्या मालकीचा नाही. कलम अकरा."

"अहो, कंपनी गेली की निघून!" डुकरं ओरडली.

"कंपनी गेली. कलमं राहिली. कलम बत्तीस वाचा." कोणालाच वाचता येत नव्हतं.

"मग मी बोलू कोणत्या आवाजात?" द्वारकाबाईनं विचारलं.

"स्वतःच्या."

"अहो बाई, हाच माझा आहे! ह्याच आवाजानं मी तुम्हा सगळ्यांना जगवलंय! दुसरा कुठून आणू?"

"अर्ज बाद," घोरपडबाईंनी लिहिलं.

मग भेकर पुढे झालं, त्याचाही बाद. वानरांचा म्होरक्या आला, त्याचाही बाद. मोराला तर टेकाडावरच चढू दिलं नाही. शेवटी आबासाहेब चढले आणि तीनदा गुरगुरले. त्यांचा आवाज कंपनीनं घेतला नव्हता, त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. अर्ज वैध ठरला.

आबासाहेब बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं तेव्हा खाली हजारभर जनावरं उभी होती. चिडलेली, भाजलेली, पोरं गमावलेली. एकेकाच्या घशात आवाज दाटून आला होता. पण तो आपला की मूळ कंपनीचा, हे खात्रीनं कोणालाच सांगता येईना, आणि दंड फार मोठा होता. कोणी हूं की चूं केलं नाही.

घोरपडबाईंनी मान वर करून सगळीकडे पाहिलं, आणि इतिवृत्तात शेवटची ओळ लिहिली: निवडणूक शांततेत पार पडली.